नव्या गाडीचा भाव करताना शेवटच्या आकड्यावर बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवी गाडी घ्यायची आहे, मॉडेल ठरलं आहे, शोरूममध्ये जाऊनही झालं. सेल्समन म्हणतो, किंमत कंपनीनं ठरवलेली आहे, आमच्या हातात काही नाही. पण ओळखीतल्या एकाला तीच गाडी बरीच स्वस्त पडली. मग भाव नेमका कुठे आणि कसा करायचा?

मी बरीच वर्षं शोरूमच्या विक्री विभागात काढली, आधी सेल्समन म्हणून आणि पुढे कोटेशन मंजूर करणाऱ्या खुर्चीत. आता ग्राहकांच्या बाजूनं बसतो. "किंमत कमी होत नाही" हे वाक्य अर्धं खरं असतं. छापील किंमत बहुतेक वेळा तशीच राहते. कमी-जास्त होतं ते तिच्या आजूबाजूचं सगळं, आणि तुमच्या ओळखीच्या माणसाला जो फायदा झाला तो तिथेच झाला असणार.

डीलरला पैसा कुठून मिळतो हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. कंपनीकडून गाडी ज्या दरानं येते आणि ग्राहकाला ज्या दरानं जाते, त्यातला फरक म्हणजे मार्जिन. लोकांना वाटतं त्याहून हे मार्जिन बरंच कमी असतं, विशेषतः लहान आणि भरपूर खपाच्या गाड्यांवर. त्याशिवाय विक्रीचं ठरलेलं उद्दिष्ट गाठलं की कंपनी वेगळा इन्सेंटिव्ह देते. कर्ज लावून दिलं की फायनान्स कंपनीकडून कमिशन येतं, विमा काढून दिला की विमा कंपनीकडून. ॲक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज यांवर टक्केवारीत पाहिलं तर गाडीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं. जुनी गाडी बदल्यात घेतली तर ती पुढे विकून त्यातही कमाई होते. आणि पुढची काही वर्षं तुम्ही सर्व्हिसिंगला त्याच दारात येणार, ते उत्पन्न वेगळंच.

म्हणजे एकाच व्यवहारात डीलरला सहा-सात खिसे असतात. एका खिशातून तुम्हाला काढून दिलं की दुसऱ्यात परत भरता येतं. विक्रीचं सगळं कसब त्यातच आहे. ग्राहक ज्या खिशाकडे टक लावून बसला आहे तो मोकळा करून दाखवायचा आणि ज्याच्याकडे त्याचं लक्ष नाही तो भरायचा.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं. सूट किती, हे विचारूच नका. गाडी, कर, नोंदणी, विमा आणि आणखी जे काही असेल ते सगळं धरून, चावी हातात पडेपर्यंत तुमच्या खात्यातून एकूण किती जाणार, हा एकच आकडा विचारा. तो लिहून घ्या. दोन डीलरांची तुलना फक्त त्या आकड्यावर करा.

एक उदाहरण घेऊ. पहिला डीलर गाडीवर ४०,००० सूट देतो, दुसरा २५,०००. पण पहिल्याच्या कोटेशनमध्ये विमा १२,००० नं महाग आहे, हाताळणीचे म्हणून ८,००० लावले आहेत आणि "सगळ्यांनाच घ्यावं लागतं" अशा ॲक्सेसरीज किटचे १५,०००. वरचे ३५,००० वजा केले तर खरी सूट उरते ५,०००. दुसऱ्यानं यातलं काहीच लावलेलं नसेल तर कमी सूट देणारा हा डीलर २०,००० नं स्वस्त आहे. तरीही लोक पहिल्याकडे जातात, कारण ४० हा आकडा २५ पेक्षा मोठा दिसतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूनं अनेकदा पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कष्टाचे पैसे निव्वळ प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे जातात.

कोटेशन बाबवार मागा. सरकारी कर आणि नोंदणीचं शुल्क एकाच ठिकाणी, एकाच गाडीला, दोन डीलरांकडे सारखंच असायला हवं. तिथे फरक दिसला तर एकानं चूक केली आहे किंवा त्या ओळीत काहीतरी मिसळलं आहे. सरळ विचारा, "हे शुल्क कोणाला जातं? त्याची पावती मला मिळेल का?" ज्याची पावती देता येत नाही, ते शुल्क वाटाघाटीत येतं. हाताळणी, कागदपत्रं, लॉजिस्टिक्स अशा नावांच्या ओळी बहुतेक वेळा त्यातल्याच निघतात.

आता हा आकडा खाली कसा आणायचा? टेबलावर बसून फार ताणाताणी करून तो खाली येत नाही. तो येतो दुसऱ्या डीलरच्या लेखी कोटेशनमुळे. तुमच्याकडे खरा पर्याय असला की आवाज चढवावा लागत नाही. नसला तर कितीही बोललात तरी समोरच्याला ते कळतं. कंपनी एक, गाडी एक, पण डीलर वेगवेगळे, हे तुमचं सर्वांत मोठं बळ आहे. म्हणून शोरूममध्ये जाऊन बसण्याआधी, जाता येईल अशा अंतरावरच्या तीन-चार डीलरांना एकच निरोप पाठवा, साधारण असा:

"नमस्कार. मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, अमुक दोन रंगांपैकी एक, यंदाच्याच उत्पादनाची गाडी हवी आहे. सर्व खर्च धरून एकूण रक्कम किती, याचं बाबवार कोटेशन पाठवावं. विमा आणि कर्जाचा निर्णय किंमत ठरल्यावर करेन, त्यामुळे त्या ओळी वेगळ्या दाखवाव्यात. ॲक्सेसरीज नकोत. गाडी तुमच्याकडे उभी आहे की मागवावी लागेल, तेही कळवावं. इतर डीलरांकडूनही कोटेशन मागवली आहेत. या महिन्यात निर्णय घेणार आहे."

काही जण उत्तर देणार नाहीत. काही जण म्हणतील, "एकदा या तर खरं, बसून बोलू." ज्याचं लेखी उत्तर आलं त्याच्याशी पुढे बोला. सर्वांत कमी आकडा बाकीच्यांना दाखवा, पण खरा आकडाच सांगा. खोटा आकडा सांगितला की अनुभवी मॅनेजरला तो लगेच ओळखू येतो, कारण त्याला स्वतःची तळाची किंमत माहीत असते. त्याच्या खाली कोणी जाऊच शकत नाही हे ठाऊक असल्यावर तो हसून म्हणतो, "मग तिथूनच घ्या." त्यानंतर तुमचं खरं बोलणंही हलकं पडतं.

लेखी निरोपाचा आग्रह मी सोयीपुरता धरत नाही. समोर बसलेला माणूस पाहून किंमत बदलते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. शिकागो भागातल्या डीलरांकडे त्यांनी माणसं पाठवली. सगळ्यांना बोलणी एकसारखी पढवलेली होती, तरी गोऱ्या पुरुषांना ज्या किमती सांगितल्या गेल्या, त्यांहून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या किमती जास्त होत्या. पुढे फियोना स्कॉट मॉर्टन, फ्लोरियन झेटेलमायर आणि होर्हे सिल्वा-रिसो यांनी अमेरिकेतल्या गाडीविक्रीचे आकडे तपासले. इंटरनेटवरच्या मध्यस्थ सेवेतून डीलरकडे आलेल्या ग्राहकांना गाडी सरासरी सुमारे २ टक्के स्वस्त पडत होती, आणि शोरूममध्ये अल्पसंख्याक ग्राहकांना जी जास्त किंमत पडायची, तो फरक इंटरनेटवरून येणाऱ्यांत जवळजवळ उरत नव्हता. कपडे, वय, बोलण्याची ढब, सोबत कोण आहे, यांवरून अंदाज बांधायला सेल्समन शिकलेला असतो. लेखी निरोपात त्याला यातलं काही दिसत नाही. ज्यांना शोरूममध्ये जायला संकोच वाटतो किंवा भाव करणं जमत नाही असं वाटतं, त्यांनी तर हाच मार्ग धरावा.

आणखी एका अभ्यासातून थेट कामाची गोष्ट मिळते. मेगन बुसे, सिल्वा-रिसो आणि झेटेलमायर यांनी २००६ साली दाखवलं, की कंपनीनं ग्राहकासाठी उघडपणे जाहीर केलेल्या सवलतीचा ७० ते ९० टक्के लाभ ग्राहकापर्यंत पोचतो. तोच पैसा कंपनीनं डीलरला गुपचूप दिला तर ग्राहकाला त्यातले जेमतेम ३० ते ४० टक्के मिळतात. फरक माहितीचा आहे. ग्राहकाला जे ठाऊक असतं ते तो मागतो. त्यामुळे प्रत्येक कोटेशनवर दोन वेगळे प्रश्न विचारा: "यात कंपनीची जाहीर सवलत किती?" आणि "तुमच्याकडून किती?" पुष्कळदा कंपनीचीच सवलत डीलर स्वतःची म्हणून पुढे करतो आणि स्वतः काहीच सोडत नाही. जाहीर सवलत कंपनीच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. ती तुमचा हक्कच आहे. वाटाघाट तिच्यापुढे सुरू होते.

महिनाअखेरीबद्दल सगळेच बोलतात. त्यात तथ्य आहे, पण कारण समजून घेतलं पाहिजे. कंपनीचे इन्सेंटिव्ह टप्प्यांनी असतात. ठरावीक संख्येच्या पुढे गेलं की विकलेल्या सगळ्याच गाड्यांवर जादा रक्कम मिळते, अशी रचना सर्रास असते. टप्प्याला दोन-तीन गाड्या कमी पडत असतील तर त्या दोन-तीन गाड्या तोटा सोसूनही देणं डीलरला परवडतं. टप्पा आधीच गाठला असेल, किंवा इतका लांब असेल की गाठणं शक्यच नाही, तर महिनाअखेर असली तरी काही फरक पडत नाही. आतलं चित्र तुम्हाला दिसत नाही, म्हणून करायचं एवढंच: आपली कोटेशन, पैशांची तजवीज आणि घरच्यांचा होकार हे सगळं शेवटच्या आठवड्याआधी तयार ठेवायचं. त्या दिवसांत एखाद्या डीलरचा स्वतःहून फोन आला तर समजा, त्याला टप्पा गाठायला गाडी कमी पडते आहे. तिमाही आणि वर्षाच्या अखेरीला हा दाब वाढतो.

यार्डात उभी असलेली गाडी आणि मागवावी लागणारी गाडी यांच्या भावात फरक पडतो. डीलर बहुतेक स्टॉक कर्जावर उचलतो. गाडी जितके दिवस उभी, तितकं व्याज चढतं. मधला व्हेरियंट, फारसा न चालणारा रंग, दोन-तीन महिने उभी असलेली गाडी, इथे मॅनेजर मोकळेपणानं बोलतो. "तुमच्याकडे सध्या कोणत्या गाड्या तयार उभ्या आहेत?" हा प्रश्न जरूर विचारा आणि रंगाबाबत थोडं लवचीक राहा. मात्र मागच्या वर्षी तयार झालेली गाडी घेताना हिशेब नीट करा. पुढे विकताना तुमची गाडी त्या जुन्या वर्षाचीच धरली जाणार. म्हणजे मिळणारी सूट वर्षभराच्या घसाऱ्याच्या जवळपास जाणारी हवी. चार-दोन हजारांसाठी जुन्या वर्षाची गाडी घेऊ नका. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असेल, तर मात्र अशी गाडी चांगल्या सवलतीत घेण्यात शहाणपण आहे.

आता हप्ता. माझ्या मते सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. सेल्समनचा लाडका प्रश्न असतो, "महिन्याला किती जमेल तुम्हाला?" या प्रश्नाला आकडा देऊ नका. तुम्ही १३,००० म्हणालात की तो १३,००० चा हप्ता बसवून देईल, मुदत वाढवून. ८ लाखांचं कर्ज ९ टक्के घटत्या शिलकीच्या व्याजानं (म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज) ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे १६,६००, आणि एकूण व्याज सुमारे १.९६ लाख. तेच कर्ज ७ वर्षांसाठी केलं तर हप्ता १२,८७० च्या आसपास येतो. पण व्याज होतं सुमारे २.८१ लाख. हप्ता ३,७०० नं उतरला आणि गाडी ८५,००० नं महागली. तासभर घासाघीस करून मिळवलेली ३०,००० ची सूट या एका बदलात दुपटीहून जास्त परत गेली.

व्याजदरातल्या एका टक्क्याचं वजनही लक्षात घ्या. वरच्याच कर्जाला ९ ऐवजी १० टक्के लागले तर ५ वर्षांत सुमारे २३,००० जास्त जातात. डीलरमार्फत मिळणाऱ्या कर्जात त्याचं कमिशन असतं, त्यामुळे आधी स्वतःच्या बँकेकडून दर लेखी घ्या आणि मग शोरूमचा दर विचारा. कधीकधी कंपनीची स्वतःची फायनान्स शाखा बँकेपेक्षा खरोखरच स्वस्त पडते, तेव्हा तिथून जरूर घ्या. पण "फ्लॅट" दर सांगितला तर सावध व्हा. फ्लॅट दरात पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज लागतं. ८ लाखांवर ५ वर्षांसाठी ५ टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख व्याज, म्हणजे घटत्या शिलकीच्या ९ टक्क्यांहून थोडं जास्तच. "फक्त ५ टक्के" ऐकून बँकेचे ९ टक्के सोडणारा माणूस काहीच कमावत नाही.

शून्य टक्के व्याजाची योजना आली तर विचारा, "हीच गाडी कर्जाशिवाय घेतली तर किती?" कर्ज न घेणाऱ्याला ४०,००० ची सूट असेल आणि शून्य टक्केवाल्याला नसेल, तर ते ४०,००० हेच व्याज. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड हेही त्यात धरा.

रोख पैसे देतो म्हटलं की जास्त सूट मिळेल, असा समज अजूनही घट्ट आहे. नव्या गाडीच्या बाबतीत तो बहुधा खोटा ठरतो. कर्ज घेतलंत तरी डीलरला बँकेकडून पूर्ण रक्कम एकदमच मिळते. उलट रोखीच्या ग्राहकाकडून त्याचं कर्जाचं कमिशन बुडतं. म्हणून पैसे कसे देणार हे सुरुवातीला सांगण्याची घाई करू नका. खोटंही बोलू नका. "आधी किंमत ठरू दे, मग बघू" एवढं पुरतं.

जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिची गोष्ट नव्या गाडीच्या किमतीत अजिबात मिसळू देऊ नका. शोरूममध्ये जाण्याआधी जुन्या गाड्यांच्या खरेदीदारांकडून दोन-तीन आकडे घेऊन ठेवा. नव्या गाडीचा शेवटचा आकडा लेखी मिळाल्यावरच जुनीचा विषय काढा. आधीच काढला तर मॅनेजर जुन्या गाडीला ३०,००० जास्त देतो, नवीवर ३५,००० कमी सोडतो आणि तुम्ही जुन्याचे चांगले पैसे आले म्हणून खूश होता. कंपनीचा एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी बदल्यात दिल्याबद्दलची जादा रक्कम) आणि जुन्या गाडीची मूळ किंमत याही दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या, कारण बोनस धरून सांगितलेली किंमत मोठी दिसते. डीलरचा आकडा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असला तरी कधीकधी त्याच्याकडेच देणं बरं पडतं, कारण कागदपत्रांची आणि मालकी बदलण्याची कटकट वाचते, काही देशांत नव्या गाडीवरचा करही कमी होतो. ही सोय तुम्हाला किती रकमेची वाटते ते आधी ठरवा. आणि तपासणीला म्हणून चावी दिली असेल तर बोलणी संपेपर्यंत ती तिथेच पडू देऊ नका, तपासणी झाली की परत मागून घ्या.

प्रत्यक्ष टेबलावरच्या युक्त्या फार नाहीत. "मॅनेजरना विचारून येतो" ही सगळ्यांत जुनी. सेल्समन आत-बाहेर करत राहतो, वेळ जातो, तुम्ही थकता, आणि थकलेला माणूस लवकर हो म्हणतो. यात सेल्समनचा दोष फारसा नसतो, त्याला खरोखरच ठरावीक मर्यादेपलीकडे अधिकार नसतो. म्हणून दोन-चार वाक्यांतच सांगा, "तुम्ही चांगली माहिती दिलीत. पण आकडा ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशीच बोललेलं बरं, तुमचाही वेळ वाचेल." मॅनेजर समोर आल्यावर मोठं भाषण नको.

"सर, आमच्याकडून शेवटचं एवढंच होईल."
"माझ्याकडे हे दुसरं कोटेशन आहे, एकूण इतकं. तुम्ही याच्या खाली, अमुक रकमेला दिलीत तर आत्ता बुकिंग करतो."

एवढं बोलून थांबा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या. शांततेचा कंटाळा येऊन ग्राहकच म्हणतो, "बरं, मग निदान मॅटिंग तरी द्या." आणि त्या क्षणी हजारोंची बोलणी काहीशे रुपयांवर येते. "आत्ता बुकिंग करतो" हे शब्द मात्र खरे असले पाहिजेत. निर्णय घेणारे घरातले सगळे सोबत असोत किंवा फोनवर असोत. सही करायला तयार असलेल्या ग्राहकासाठी मॅनेजर जे सोडतो, ते चौकशीला आलेल्यासाठी सोडत नाही.

"ही ऑफर फक्त आजच्यापुरती" असं म्हटलं तर "लिहून द्या, संध्याकाळपर्यंत कळवतो" म्हणा. कंपनीची योजना खरोखरच त्या तारखेला संपत असेल तर तसं पत्रक दाखवता येतं. नसेल, तर बहुधा उद्याही तीच किंमत मिळते. आणि उठून जायची तयारी ठेवा. रागानं नव्हे, नमस्कार करून, नंबर देऊन. शोरूमच्या माणसांशी सन्मानानं वागा. सेल्समनचा पगार बऱ्याचदा तुटपुंजा असतो आणि त्याचं पोट इन्सेंटिव्हवर चालतं. शिवाय खरेदीनंतर कंपनी ग्राहकाचा अभिप्राय मागते, त्या गुणांवर डीलरचे पैसे अवलंबून असू शकतात. चांगली वागणूक मिळाली तर चांगले गुण देईन, हे सांगण्यात काहीच वावगं नाही.

मागणी जास्त आणि गाडी कमी, प्रतीक्षायादी काही महिन्यांची, अशा मॉडेलवर किमतीत सूट मिळत नाही. तिथे हट्ट धरू नका. तिथे भाव करायचा तो लादलेल्या वस्तूंवर: किट नको, विमा बाहेरून, हाताळणी शुल्क काढा. यादीत पुढचा नंबर हवा असेल तर ॲक्सेसरीज घ्या, असं सुचवलं जातं, ते लेखी मागितलं की बहुतेकदा विरून जातं. काही कंपन्या एकच ठरलेली किंमत ठेवतात. जनरल मोटर्सच्या सॅटर्न या ब्रँडनं १९९० पासून हाच प्रयोग केला आणि घासाघीस नसल्यामुळे पुष्कळ ग्राहक खूश होते. ब्रँड २०१० मध्ये बंद झाला. टेस्ला आज गाड्या थेट विकते, तिथेही टेबलावर भाव होत नाही, पण जाहीर किमती मात्र वर-खाली होत असतात. ठरलेली किंमत म्हणजे कमीत कमी किंमत असा अर्थ नाही. सगळ्यांना सारखी, एवढंच. तिथे कर्ज, विमा आणि जुनी गाडी या तीन बाबी हातात राहतात, सगळा जोर तिथे लावा.

किंमत ठरल्यावर शेवटी ॲक्सेसरीजवाला किंवा फायनान्सवाला टेबलावर येतो. तोवर मोठी बोलणी संपलेली असतात, मन सैल पडलेलं असतं, आणि लाखांच्या शेजारी १२,००० चं कोटिंग किरकोळ वाटतं. ते किरकोळ नाही. प्रत्येक वस्तूची बाहेरची किंमत फोनवर तिथेच बघा. वाढीव वॉरंटी काही गाड्यांना उपयोगी आहे, पण ती बऱ्याच कंपन्यांत मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही घेता येते. घाई नको, दोन दिवस अटी वाचा. विम्याची तुलना करताना फक्त हप्ता बघू नका. गाडीची घोषित किंमत (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जिच्या आधारे भरपाई मिळते ती) आणि जोडसंरक्षणं, म्हणजे पॉलिसीला जोडून घेतलेली जादा संरक्षणं, सारखी आहेत का ते बघा, कारण घोषित किंमत खाली आणून विमा स्वस्त दाखवता येतो.

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्या आणि पावतीवर एवढं लिहून घ्या: मॉडेल, व्हेरियंट, रंग, उत्पादनाचं वर्ष, एकूण रक्कम, गाडी कधी मिळणार, आणि वेळेत न मिळाल्यास बुकिंगचे पैसे परत. गाडी येईपर्यंत कंपनीनं किंमत वाढवली तर कोण भरणार, हेही आत्ताच विचारा, ते बहुतेकांच्या डोक्यात येत नाही आणि वाद त्यावरच होतात. तोंडी आश्वासनं देणारा सेल्समन गाडी येईपर्यंत नोकरी बदलून गेलेला असू शकतो.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाच्या उजेडात बघा. चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो, तो गाडीवर आणि कागदावर सारखा आहे का ते बघा. अनेक देशांत त्यातलं दहावं स्थान मॉडेलचं वर्ष सांगतं. इतरत्र गाडीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना असतो किंवा कंपनीकडे विचारता येतो. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा बरेच जुने असतील तर गाडी किती दिवस उभी होती याचा अंदाज येतो. किलोमीटर बघा. शेकड्यांत असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची किंवा एका डीलरकडून दुसऱ्याकडे चालवत आणलेली असू शकते. रंगातला फरक, दारांच्या फटी, काचांवरचे क्रमांक, बॅटरीची तारीख, सुटं चाक, हत्यारं, दोन्ही चाव्या बघून घ्या. काही खटकलं तर दुसरी गाडी मागा किंवा किंमत पुन्हा बोला. पैसे पूर्ण गेल्यावर आणि नोंदणी तुमच्या नावे झाल्यावर हेच बोलणं विनंतीसारखं होतं.

डीलरला उरलेली रक्कम भरताना कोटेशन सोबत न्या आणि बिल, विम्याची पॉलिसी, नोंदणीची पावती यांच्या रकमा त्याच्याशी ओळीनं ताडून बघा. नोंदणीचं शुल्क अंदाजे धरून जास्त घेतलेलं असतं आणि उरलेले पैसे ग्राहक मागत नाही म्हणून तिथेच राहतात. ते परत मागा, आणि चावी घेण्याआधी मागा.